सोबत आणणाऱ्याचे नाव

आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पडलेला असतो. नवऱ्याने मारलं तरी पडले, भावाने कोयता उगारला तरी पडलो, दारू पिऊन नाल्यात गेला तरी पाय घसरला. एकतीस वर्षं मी हे ऐकतो आहे आणि एकतीस वर्षं रजिस्टरमध्ये लिहितो आहे, 'रुग्णाच्या सांगण्यानुसार'. हे शब्द सरकारने फार विचार करून ठेवले असणार. डॉक्टर म्हणत नाही, पोलीस म्हणत नाहीत, मी तर नाहीच नाही. रुग्ण सांगतो, आम्ही लिहून घेतो.

मी महेंद्र सोनावणे, वरिष्ठ लिपिक, अपघात विभाग. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. निवृत्तीला पाच महिने आहेत, उगाच कशाला. उल्हासनगरच्या बाजूचं सरकारी रुग्णालय, एवढं पुरे. मारामारी, भाजणं, विष, गाडीची धडक, यंत्रात गेलेली बोटं, थोडक्यात उद्या ज्याबद्दल पोलीस किंवा कोर्ट विचारू शकतं अशी प्रत्येक केस माझ्या टेबलावरून जाते. तिला एमएलसी म्हणतात. तिच्यासाठी वेगळं जाड रजिस्टर असतं. नाव, वय, पत्ता, अंगावरच्या दोन ओळखीच्या खुणा, इजेचं कारण, असे रकाने, आणि शेवटी पोलीस चौकीला कळवल्याची वेळ. सहावा रकाना 'सोबत आणणाऱ्याचे नाव'. तिथे बायको असते, शेजारी असतो, रिक्षावाला असतो, कधी कंपनीचा सुपरवायझर असतो, जो नाव सांगून बाहेर पडतो तो पुन्हा दिसत नाही. कोणीच नसेल तर मी 'स्वतः' लिहितो.

दिवाळीनंतर डॉक्टर तेजस्वी आमच्या विभागात आली. वय अठ्ठावीस, चालणं असं की कॉरिडॉर तिच्यासाठी कमी पडावा. आल्या आठवड्यातच म्हणाली, "काका, मला वर्षभराच्या एमएलसींचा अभ्यास करायचाय. कुठल्या प्रकारच्या केसेस, कुठल्या वयाच्या, कुठल्या वारी. पॅटर्न काढायचाय."

"पॅटर्न तोंडी सांगतो," मी म्हणालो. "रविवारी दारू, सोमवारी पश्चात्ताप."

ती हसली आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आली. दुपारी दोन ते चार जरा शांत असतं. मी वाचायचं, तिने टाइप करायचं. मी आधी कुरकुर केली, कारण कुरकुर केल्याशिवाय काम करायची आमच्याकडे पद्धत नाही. पण मला बरं वाटलं, हे कबूल करतो. दिवसाचे दोन तास कोणीतरी मला प्रश्न विचारत होतं आणि उत्तर ऐकत होतं. माझी बायको शालन जाऊन तीन वर्षं झाली. अजूनही कात्रपच्या घरी पोचलो की मी आधी बेल वाजवतो, मग खिशातून किल्ली काढतो. शेजारच्या बाईंनी एकदा बघितलं आणि दार हळूच लावून घेतलं. मुलगा सम्यक बंगळुरूला असतो. दर रविवारी फोन करतो, न चुकता.

तर रजिस्टर. उल्हासनगर कॅम्प दोनच्या कारखान्यांमधून मशिनखाली बोट आलेले, ते जेवणानंतर जास्त, डोळ्यांवर झापड असताना. अंबरनाथच्या कंपन्यांमधून भाजलेले. त्यांच्यासोबत सुपरवायझर आणि कारण बहुतेक वेळा 'स्वतःच्या चुकीने'. बदलापूर रोडचे दुचाकीवाले. पालेगावकडे इमारतींसाठी खणायला लागल्यापासून सर्पदंश वाढलेले. सापाने तरी जावं कुठे, त्याला कोण फ्लॅट देणार. निकालाच्या आठवड्यात फिनेल प्यायलेली पोरं. तेजस्वीच्या तक्त्यात या सगळ्यांना जागा होती. सहाव्या रकान्याला नव्हती.

"सोबत कोण आलं त्याने वैद्यकीय फरक काय पडतो, काका?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि एका शंभरपानी वहीत माझा मी मोजायला लागलो. एक हजार आठशे सेहेचाळीस केसेस. त्यात एकशे बारा 'स्वतः'. फुटलेलं डोकं एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने रिक्षा थांबवून, एकटीच आलेली एकशे बारा माणसं. का मोजली, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या एकशे बारांमध्ये एक कान परत परत यायला लागला. 'उजव्या कानाची पाळी फाटलेली. डाव्या दंडावर बनूबाई असे गोंदलेले.' ओळखीच्या खुणा आम्ही कोर्टासाठी लिहितो, हाच तो माणूस हे उद्या सिद्ध करता यावं म्हणून. नाव कुठे कोंडाजी भोईर, कुठे कोंडू भोईर, कुठे नुसतं के. एस. भोईर. वय अडुसष्टपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत, लिहिणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. पत्ता पालेगाव. अकरा महिन्यांत पाच वेळा. एकदा बैलाने ढुशी मारली. पालेगावात आता बैल बघायचा तर पोळ्याला मातीचा. एकदा बांधकामाची फळी पडली, दोनदा अनोळखी मोटारसायकलने धडक दिली, एकदा अनोळखी इसमाने ढकललं. पाचपैकी दोन नोंदी माझ्याच अक्षरातल्या होत्या. मला त्याची लाज वाटली. माणूस समोर बसला होता, मी त्याचा कान लिहून घेतला आणि तोंड बघितलं नाही.

तेजस्वीने पाचही नोंदी ओळीने लावल्या.

"काका, जखमा बघा. सगळ्या डाव्या बाजूला नाहीतर समोर, उजवा हात पोचेल अशा. पहिली नुसती खरचट. मग दोन टाके, मग तीन, मग चार, मग पाच. हा माणूस स्वतःच करतोय, आणि दर वेळी जास्त जोरात. कशासाठी ते कळत नाही. पण थांबवलं नाही तर एक दिवस आपल्याकडे टाके घालण्यासारखं काही उरणार नाही."

मी कॅलेंडर काढलं. पाचही वेळा गुरुवार. आणि पाचही नोंदींच्या शेवटी एकच ओळ: पोलिसांनी कळवल्यावरून मुलगा विनीत हजर, त्याच्यासोबत घरी पाठवले.

मी वैतागलो. म्हणजे सरकारी यंत्रणेला, डॉक्टरला, हवालदाराला आणि मुख्य म्हणजे मला, या म्हाताऱ्याने पाच वेळा मामा बनवलं होतं. आता येऊ दे, म्हटलं.

दोन गुरुवार कोणी आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी साडेअकराला तो आला. उंच, वाळलेला, पांढरी टोपी हातात आणि कपाळाला पंचा, पंचा लाल झालेला. रांग मोडून कोणी त्याला पुढे सोडलं तर म्हणाला, "नाय नाय, माजी घाई नाय." मी रजिस्टर ओढलं.

"सोबत कोण?"

"कोन नाय. सोताच."

"काय झालं?"

"मोटारसायकलवाल्यानं उडवला."

"नंबर बघितलात?"

"नाय. पलाला तो."

तेजस्वीने त्याला आत घेतलं आणि टाके घातले, सात. बाहेर आणून खुर्चीवर बसवला तेव्हा मी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. पाचही पानांत कागदाच्या खुणा घालून ठेवल्या होत्या. एकेक उघडून बोट ठेवलं.

"बाबा, वाचता येतं?"

"थोडा थोडा." त्याने डोळे बारीक करून बघितलं. पाचव्या पानावर बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "तुजा अक्षर बेस हाय." पालेगावच्या बोलीत कलेक्टरलाही तूच म्हणतात, त्यात अपमान नसतो.

"अक्षराचं राहू द्या. बैल कुणाचा होता?"

तो टोपी उलटसुलट करत राहिला. तेजस्वी त्याच्या शेजारी स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, आम्ही रागावत नाही." ती रागावली नव्हती, मी होतो.

"पोऱ्याला फोन केला का उचलत नाय," तो म्हणाला. "कामात असतं त्यो. पोलिसाचा फोन उचलतो. येतो. दोन घंटं बसतो माजे बाजूला, त्या बाकावर. चाय आनतो. मंग घरी सोडाया येतो. तेची आय बनू होती तवा तिच्यासाठी यायचा. आता माज्यासाठी कशाला येल? तेची चूक नाय. बायको हाय, पोरगी हाय, ओव्हरटाइम हाय."

"मारून कशाने घेतलंत?"

"वरवंट्यानं. बनूचाच हाय."

"आणि गुरुवारीच का?"

आता त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. एवढंही कळू नये या माणसाला, अशी. "गुरुवारी कंपनीला सुट्टी असतं तेच्या," तो म्हणाला. "पोराचा खाडा कशाला पाडायचा?"

तेजस्वी उठून खिडकीकडे गेली. मी रजिस्टर बंद केलं.

"तेला नको सांगू," कोंडाजी म्हणाला. "खरा कलला त येयाचा नाय परत. तू तुजा लिव, मोटारसायकल. पोलीस फोन करल."

इथे मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच झालं. एकतीस वर्षं लोकांच्या खोट्याला शाई पुरवणारा माणूस मी, मला एकदम खऱ्याचा झटका आला. मला वाटलं, हे एवढ्यासाठी डोकं फोडून घ्यायचं? पोराला सरळ सांगून टाकलं पाहिजे. आणि रागही होता. तो कोणावर, ते तेव्हा तपासलं नाही. मी माझा मोबाईल घेऊन एक्सरे रूमच्या मागच्या जिन्यात गेलो आणि रजिस्टरमधल्या नंबरवर फोन लावला.

विनीतने तिसऱ्या रिंगला उचलला. मी नाव सांगितलं, रुग्णालय सांगितलं, वडील बरे आहेत हे सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं. बैल, फळी, वरवंटा, गुरुवार. माझ्या डोक्यात पुढचा प्रसंग तयार होता: पोरगा धावत येतो, बापाला मिठी मारतो आणि मी कोपऱ्यात चष्मा पुसतो.

"म्हणजे पाचही वेळा?" तो म्हणाला.

"पाचही वेळा."

"एकदा मी पोरीच्या वाढदिवसातून उठून आलो. केक तसाच राहिला. बायको आठ दिवस बोलली नाही." त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "महिन्याला चार सुट्ट्या मिळतात मला, काका. मला वाटायचं, म्हातारा खरंच पडतो. रात्र रात्र झोप नाही यायची. आणि हे नाटक होतं."

"नाटक नाही हो. एकटे आहेत ते. आठवड्यातून एकदा जाऊन बसलात तर..."

"पोलीस केस आहे का?"

"तशी नाही म्हणता येणार."

"मग ड्रेसिंग करा आणि रिक्षात बसवून द्या. मी येत नाही." मग त्याने विचारलं, "तुमचा मुलगा येऊन बसतो का तुमच्याकडे?"

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जिन्यात मी थोडा वेळ उभा राहिलो. वरून कोणीतरी बादली घेऊन उतरत होतं, त्याला वाट द्यायला भिंतीला चिकटलो.

परत आलो तर कोंडाजी त्याच बाकावर, दाराकडे तोंड करून बसला होता. शेजारची जागा त्याने टोपी ठेवून अडवली होती. मला बघून मान वर केली.

"फोन लागत नाही," मी म्हणालो. रुग्णाच्या सांगण्यानुसार नव्हे, माझ्या सांगण्यानुसार. एकतीस वर्षांतलं हे माझं पहिलं खोटं.

तेजस्वीने नियमाप्रमाणे नोंद करायला लावली. कारण मोटारसायकलची धडक, रुग्णाच्या सांगण्यानुसार. आणि खाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, इजा स्वतः केलेली असू शकते, मानसोपचार विभागाला दाखवावे. मग चौकीतल्या हवालदार हिरामणने विनीतला फोन लावला, नेहमीसारखा. पाच मिनिटांत हिरामण माझ्या टेबलापाशी आला.

"काका, पेपर तुम्हीच फोडलात होय? तो बोलतो, तुमच्याच माणसाने सांगितलंय नाटक आहे म्हणून. येत नाही बोलला. आता मी काय उचलून आणू त्याला?"

तेजस्वीने माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही फोन केलात? मला न विचारता?" एवढं विचारून ती पुढच्या पेशंटकडे वळली, आणि मला वाटलं ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिचा पॅटर्न बिघडवला नव्हता. एका म्हाताऱ्याकडे मुलाला बोलावण्याचा एकच मार्ग होता, कितीही वेडावाकडा असेना, तो मी बंद करून आलो होतो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैलही माझा नव्हता.

कोंडाजी पाच वाजेपर्यंत बसला. दार उघडलं की मान वर व्हायची. दार दिवसभर उघडतच असतं. एक वाजता मी त्याला चहा दिला तर म्हणाला, "थांब, पोऱ्या आला का दोघं घेऊ." चहा निवला आणि त्यावर साय धरली.

पाचला मी रिक्षा केली आणि त्याला पालेगावला सोडायला गेलो. चौदा मजल्यांच्या दोन इमारतींच्या मध्ये त्याचं कौलारू घर होतं, मागच्या बाजूला इमारतीची पाण्याची टाकी. घर झाडलेलं, भांडी घासून पालथी घातलेली. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीवरचा दुकानातला कागद अजून काढलेला नव्हता. त्याने मला त्या खुर्चीवर बसू दिलं नाही, स्वतःची दिली. चूल नव्हती, गॅस होता, पण पाटा तसाच भिंतीशी होता आणि त्यावर वरवंटा. धुतलेला.

"हा मी नेतो," मी म्हणालो.

"चटनी कशावर वाटू?"

"मिक्सर घ्या."

"मिक्सरची चटनी गोड लागतं," तो म्हणाला, पण अडवलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, एखाद्या पाहुण्याला काकडी-भोपळा द्यावा तसा. मी तो पिशवीत घालून कात्रपला आणला. रिक्षात मांडीवर घेतला होता. घरी बेल वाजवली, किल्लीने दार उघडलं आणि वरवंटा शालनच्या फोटोखालच्या टेबलावर ठेवला, कारण दुसरी जागा सुचली नाही.

रविवारी सम्यकचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"तब्येत?"

"ठणठणीत. तू?"

"मस्त. जरा कॉल आहे, ठेवतो हां."

एक मिनिट दहा सेकंद. पोरगा वाईट नाही. त्याने विचारलं, मी सांगितलं, दोघांचंही काम झालं. फोन ठेवल्यावर मी टेबलावरचा वरवंटा उचलून बघितला. पोलिसांचा फोन गेला तर सम्यक येईल का, असं मनात आलं. विमानाने दीड-दोन तास. येईल, नक्की येईल. खोटं कशाला सांगू, तो दगड त्या क्षणी मला अजिबात जड वाटला नाही. मी घाईघाईने तो कपाटात, शालनच्या साड्यांच्या मागे ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.

पुढच्या गुरुवारी साडेअकराला कोंडाजी आला. मी उठून उभाच राहिलो. कपाळावरची पट्टी जुनीच होती. हात बघितले, पाय बघितले.

"काय लागलं?"

"काय नाय."

"मग?"

"गुरुवार हाय," तो म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. टोपी शेजारी ठेवली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी माझा डबा घेऊन त्याच्याकडे गेलो. टोपी उचलू का विचारलं. त्याने ती मांडीवर घेतली. मी भाकरी अर्धी करून दिली. बसून काही फायदा नाही, हे त्याला सांगायला हवं होतं, आणि त्यासाठी आधी माझं सांगायला हवं होतं. मी माझी अर्धी भाकरी डब्यात परत ठेवली.

"बाबा, त्या दिवशी फोन लागला होता," मी म्हणालो. "मीच सांगितलं तुमच्या मुलाला. सगळं."

त्याने घास संपवला.

"म्हाईत हाय मना."

"कसं?"

"तेनं फोन केलान. सोताहून. तू मना सोडून गेलास ना, तेच सांजला." त्याने सदऱ्याच्या खिशातून बटणांचा मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. "लय बोलला. लाज काढली माजी. आयशीचा नाव घेतलान आनि रडला पन. बग, किती वेल बोलला त्यो."

मी चष्मा वर करून बघितलं. 'विनू', आणि पुढे बारा मिनिटं.

"कवा दोन मिन्टाच्या वर बोलला नव्हता," कोंडाजी म्हणाला. "बारा मिन्टं." मोबाईल त्याने सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला.

"मग परत आला फोन?"

"नाय."

"तुम्ही केलात?"

"केला. उचलला नाय."

"मग बाबा, इथे कशाला बसता? आता पोलीसही फोन करणार नाहीत. तो कशाला येईल?"

त्याने भाजीचा तुकडा भाकरीवर घेतला. रागावला नाही, वाईटही वाटलेलं दिसलं नाही. समजावून सांगावं तसं म्हणाला, "सोताहून घरी येयाचा त्येनं सोडला तेला तीन वर्सं झाली. तेला हितलाच रस्ता म्हाईत हाय. येल त हितंच येल."

मी डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न करत राहिलो, ते उलटं होतं. हा माणूस माझ्यामुळे इथे बसला होता आणि माझ्यावर त्याचा काडीचा राग नव्हता. असता तर मी सोसला असता. सात दिवस चटणीशिवाय जेवतोय तुझ्यामुळे, एवढी एकच तक्रार त्याने केली, तीही हसत.

तेवढ्यात सिक्युरिटीची पायल आली. नवीन आहे, नियमाला पक्की. बाक फक्त रुग्ण आणि त्यांच्या सोबतच्या माणसांसाठी, असा बोर्ड आहे आणि तो बोर्ड मीच लिहिलेला आहे.

"काका, ये बाबा सुबह से बैठा है. पेशंट तो नहीं. किसके साथ है?"

कोंडाजी उठायला लागला. मी त्याच्या दंडाला धरून खाली बसवलं, नेमका माझा हात बनूबाईच्या नावावर पडला.

"माझ्यासोबत आहेत," मी म्हणालो.

पायलने आम्हा दोघांकडे बघितलं आणि ती गेली. आम्ही बसलो. दार उघडलं, कोंडाजीने मान वर केली. रिक्षावाला होता, पोटरीला फडकं बांधलेल्या एका बाईला घेऊन. मी हात धुऊन रजिस्टर उघडलं आणि तिला सोबत कोण विचारलं.

आता दर गुरुवारी असंच चालतं. तो साडेअकराला येतो, पाचला जातो. तेजस्वीने त्याला मानसोपचार विभागात दोनदा नेलं, गोळ्या चालू आहेत, नवीन जखम नाही. तिचा तक्ताही पूर्ण झाला. विनीत आलेला नाही. दार उघडलं की कोंडाजी बघतो आणि त्याच्याबरोबर मीही बघतो. सम्यकला तर हा रस्ता चांगला माहीत आहे. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी माझा डबा घेऊन तो इथेच यायचा.